मंडळाच्या वर्गणीतून फिट्सच्या रुग्णांसाठी काय करावं?

बालाघाटकर
नमस्कार मंडळी. आमचं गाव बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. यंदा गणेश मंडळाने डीजे लावला नाही. उरलेले पैसे आरोग्यावर खर्च करायचं ठरलंय आणि विषय मी सुचवला, फिट्सचा. माझा धाकटा भाऊ शाळेत असल्यापासून गोळ्या घेतो. आमच्या आणि शेजारच्या वस्त्यांवर असे बरेच जण आहेत. आजही कुणाला आकडी आली की लोक कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. मग देवऋषी, अंगारा, दोरा.

हातात साधारण सत्तर हजार आहेत. काही पोरांना पुण्याहून मोठे डॉक्टर बोलावून महाशिबिर घ्यायचंय. काही म्हणतात, एखाद्या गरीब पेशंटचा एमआरआय आणि पुढचा खर्च करू. आणखी पैसे जमतील, लोक द्यायला तयार आहेत. पण कशावर खर्च केला तर खरंच उपयोग होईल? पावत्यांचं काय करायचं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा.

औषधवाला_काका
मंडळाचं मनापासून अभिनंदन. मी दुसऱ्या जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माता होतो, आता निवृत्त आहे. औषधाच्या खिडकीतून जे दिसलं त्यावरून सांगतो.

फिट्सच्या माणसाला डॉक्टर वर्षातून थोड्या वेळा लागतो, गोळी रोज लागते. शिबिरात महिन्याची गोळी मिळते. दुसऱ्या महिन्यात तो माणूस खिडकीशी येतो आणि 'साठा संपलाय, पुढच्या आठवड्यात या' असं ऐकून परत जातो. ज्याची मजुरी रोजची, तो पुढच्या आठवड्यात येत नाही. गोळी अशी मध्येच तुटली की झटके आधीपेक्षा जोरात येऊ शकतात. एक थांबायच्या आत दुसरा सुरू झाला तर जीवावर बेततं. म्हणून माझं एकच सांगणं आहे: तुमच्या टापूत एकाही पेशंटची गोळी एक दिवससुद्धा तुटू नये, यावर पैसा आणि जोर लावा.

या गोळ्या महागड्या नाहीत. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅलप्रोएट, लेव्हेटिरासिटाम ही सगळी नावं अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य औषध नीट मिळालं तर दहातल्या सात जणांचे झटके थांबू शकतात. एमआरआय ज्याला डॉक्टर सांगतील त्याला जरूर करा, पण सगळी रक्कम एकाच्या तपासणीत घालू नका.

आता साठा का संपतो ते बघा. माझ्या अनुभवात पुढच्या वर्षाची मागणी मागच्या वर्षीच्या खपावरून ठरायची. औषध चार महिने नव्हतं, तर खप आठ महिन्यांचाच दिसतो. मग मागणीही तेवढीच जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच रड. रिकाम्या हाती परत गेलेल्या माणसांची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही. ती तुम्ही करा. आशाताईंना सोबत घ्या, गुप्तता पाळून यादी करा: कोण, कुठली गोळी, दिवसाला किती. नावं बाजूला ठेवून नुसते आकडे घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी निवेदन द्या, पोच घ्या. ग्रामसभेत ठराव करा. सरकारी दवाखान्याचा निधी बघणाऱ्या रुग्ण कल्याण समितीला स्थानिक खरेदी करता येते, तिथे विषय मांडा. साठा कधी संपला होता हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. वाद घालायला जाऊ नका. खिडकीमागचा माणूसही मागणी पाठवून थकलेला असतो, तुमचा कागद त्याच्याही कामी येतो.

आणि वर्गणीतून दोन-तीन महिन्यांची शिल्लक सोय करा. गोळ्या विकत आणून मंडळाच्या कपाटात ठेवायच्या नाहीत, ही चिठ्ठीवर मिळणारी औषधं आहेत. जनऔषधी केंद्राशी किंवा एखाद्या भल्या दुकानदाराशी ठरवा: सरकारी खिडकीवर गोळी नाही मिळाली तर पेशंटने डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायची, बिल मंडळाने भरायचं. गोळी तीच, ताकद तीच. कंपनी बदलायची वेळ आली, विशेषतः फेनिटॉइनची, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

पुण्यातली_आई
काकांचं पटलं, पण शिबिराला अगदीच मोडीत काढू नका. माझ्या लेकीला लहानपणापासून झटके. तिचं नेमकं निदान न्यूरॉलॉजिस्टने (मेंदूच्या डॉक्टरने) ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, बघितल्यावरच झालं, आणि तालुक्यात न्यूरॉलॉजिस्ट असतोच असं नाही. मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राष्ट्रीय आरोग्य अभियानाबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरं घेतली आहेत. तुमच्या जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत विचारून बघा. मंडळाने मांडव, जेवण आणि पेशंटची गाडी बघावी.

एक गोष्ट हात जोडून सांगते. निधी जमवताना कुणा पेशंटचा फोटो बॅनरवर लावू नका, मुलीचा तर नाहीच. देणगी मिळते आणि तिचं लग्न अडतं, हे मी माझ्या ओळखीच्या घरांत पाहिलंय. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार, म्हणजे फिट्स, ही लग्नाला आडकाठी होती, ती 1999 मध्ये काढून टाकली. पण गावोगावी ही बातमी पोचलेलीच नाही. तुमच्या प्रचारात ही ओळ मोठ्या अक्षरात लिहा. लग्न ठरलेल्या किंवा लग्न झालेल्या मुली व्हॅलप्रोएटवर असतील तर त्यांनी मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, त्या औषधाने गर्भाला धोका असतो. पण भीतीने स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. हे बायकांच्या बैठकीत कुणीतरी बाईनेच सांगावं.

शाळांना विसरू नका. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108. एवढं एका पोस्टरवर मावतं. माझ्या लेकीच्या वर्गात हे सांगितल्यावर पोरं तिच्यापासून लांब बसायची थांबली.

हिशेबनीस
पैशांपुरतं लिहितो. सार्वजनिक वर्गणी घेताय, तर मंडळाची नोंदणी आणि धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी तपासा. मोठ्या देणगीदाराला आयकर सवलत हवी असेल तर आयकर खात्याची 80 जी मान्यता असलेल्या संस्थेच्या नावानेच देणगी घ्यावी लागेल. रोख 2000 रुपयांच्या वर दिली तर ती सवलत मिळत नाही. बँक खातं वेगळं, दोन सह्या, औषधाच्या बिलाचे पैसे थेट दुकानाच्या नावाने. हिशेब चौकातल्या फळ्यावर लावा, फक्त पेशंटची नावं न लिहिता. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात. कुणाला मोठं ऑपरेशन सांगितलं तर पिवळं-केशरी रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथे आधी जा, वर्गणी नंतर.

बालाघाटकर
सगळ्यांचे आभार. आशाताईंशी बोललो, त्या यादीला तयार आहेत. एक अडचण त्यांनीच काढली. आमच्याकडची निम्मी माणसं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. पाच-सहा महिने गाव रिकामं. त्यांची गोळी कशी चालू ठेवायची?

औषधवाला_काका
हाच खरा कळीचा प्रश्न आहे, आशाताईंना माझा नमस्कार सांगा. फडात गोळी तुटली तर हातात कोयता असतो, खोपटात चूल असते, जवळपास विहीर किंवा कालवा असतो. पहाटे उठून तोड, रात्री ट्रॅक्टर भरणं. झोप पुरी न होण्यानेही झटके वाढतात.

जाण्याआधी प्रत्येकाला डॉक्टरांकडे न्या आणि जास्तीत जास्त महिन्यांची गोळी एकदम देता येते का ते विचारा. तुमची वर्गणी सगळ्यात आधी इथे वापरा. औषधाचं नाव आणि प्रमाण लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, फोनमध्ये फोटोही असू द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल. 17 नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन, पण तुमच्यासाठी ती तारीख उशिराची. कार्यक्रम टोळ्या निघण्याआधी घ्या आणि मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांना बोलवा. त्यांच्यासमोर झटका आलेल्याला कुशीवर कसं वळवायचं ते करून दाखवा. उचल (आगाऊ मजुरी) देताना ते माणसांची यादी करतातच, तेव्हा गोळी बरोबर घेतली का एवढं विचारायला त्यांना सांगा. मात्र कुणाला फिट येते हे पेशंटच्या संमतीशिवाय मुकादमाला कळू देऊ नका, नाहीतर जोडीने तोडीला जाणाऱ्या त्या नवरा-बायकोचं कामच जाईल.