डेटा सायंटिस्टवरून एमएल (मशीन लर्निंग) इंजिनियरकडे वळायचंय, आधी काय शिकू?

रानवारा:
सध्याचं काम म्हणजे एसक्यूएल, पांडास, एक्सजीबूस्ट आणि शेवटी प्रेझेंटेशन. सगळं नोटबुकमध्येच. मॉडेल लाइव्ह करणं दुसरी टीम बघते आणि मला आता तेच करायचंय. रोज तासभर देता येईल. आधी डीप लर्निंग करू की कुबरनेटिस (कंटेनर चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली)? इंटरव्ह्यूत काय विचारतात?

शंकरपाळी:
आत्ता दोन्ही नकोत. जे मॉडेल तुम्हाला पाठ आहे तेच घ्या आणि ते एपीआयमागे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला रिक्वेस्ट पाठवून उत्तर घेता येईल असं, चालवून दाखवा. नवं मॉडेल घेतलंत तर सगळा वेळ अचूकता वाढवण्यात जाईल, आणि ते तुम्हाला येतंच.

सुरुवात नोटबुक फोडण्यापासून करा. डेटा वाचणं, फीचर (मॉडेलला द्यायचे इनपुट) बनवणं, ट्रेनिंग, प्रेडिक्शन अशी चार मॉड्यूल्स करा आणि फीचरच्या प्रत्येक फंक्शनला पायटेस्टमध्ये (पायथनचं टेस्टिंग टूल) टेस्ट लिहा: रिकामी व्हॅल्यू, ट्रेनिंगमध्ये न दिसलेली कॅटेगरी, एकच ओळ. पहिला दणका इथेच बसतो. पांडासचं गेट-डमीज (कॅटेगरीचे ०-१ कॉलम करणारं फंक्शन) ट्रेनिंगला समजा ४० कॉलम बनवतं, पण लाइव्हमध्ये एकच ओळ आली की त्यातले मोजकेच बनतात आणि मॉडेल कोसळतं. त्याऐवजी सायकिट-लर्नचा वनहॉट एन्कोडर वापरा, अनोळखी कॅटेगरी आली तर दुर्लक्ष करायला सांगा, आणि एन्कोडर व मॉडेल एकाच पाइपलाइनमध्ये बांधून एकत्र सेव्ह करा. सायकिट-लर्नचं व्हर्जनही पक्कं करा. एका व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली पिकल फाइल (पायथनने डिस्कवर साठवलेलं मॉडेल) दुसऱ्यात नीट उघडेलच असं नाही, आणि उघडली तरी उत्तर तेच येईल याची हमी नाही.

मग फास्टएपीआय, म्हणजे पायथनमध्ये एपीआय बनवायचं फ्रेमवर्क. प्रेडिक्शनचं फंक्शन साध्या 'डेफ'ने लिहा, 'एसिंक डेफ'ने नको. एसिंकमध्ये मॉडेलचं गणित चालू असताना इव्हेंट लूप (सगळ्या रिक्वेस्ट आळीपाळीने हाताळणारा भाग) अडकतो आणि हेल्थ चेकसुद्धा ताटकळतो. मॉडेल सर्व्हर सुरू होताना एकदाच लोड करा, दर रिक्वेस्टला नाही.

पुढे डॉकरफाइल, म्हणजे कोड आणि पॅकेजेस एका कंटेनरमध्ये बांधण्याची कृती. तिच्यात आधी रिक्वायरमेंट्सची फाइल कॉपी करून इन्स्टॉल करा, कोड त्यानंतर. क्रम उलटा झाला तर एक ओळ बदलली तरी सगळी पॅकेजेस पुन्हा उतरतात.

घडीव_दगड:
वरच्याला अगदी सहमत. कंटेनर चालू झाल्यावर जे बिघडतं त्याबद्दल थोडं, कारण खरं काम तिथेच आहे.

मेमरी: प्रत्येक वर्कर (सर्व्हरची स्वतंत्र प्रोसेस) मॉडेलची स्वतःची प्रत लोड करतो. मॉडेल २ जीबी आणि वर्कर ४, म्हणजे ८ जीबी गेलेच. कंटेनर १३७ या एक्झिट कोडने मेला तर आधी मेमरीची मर्यादा ओलांडली का ते बघा.

थ्रेड: कंटेनरला २ सीपीयू दिलेत, पण मशीन ३२ कोअरचं आहे. बऱ्याच लायब्ररी मशीनचे कोअर मोजतात आणि ३२ थ्रेड उघडतात. ते दोन सीपीयूंसाठी भांडत बसतात आणि लॅपटॉपवर झटकन येणारं उत्तर सर्व्हरवर रेंगाळतं. ओएमपी-नम-थ्रेड्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ वर ठेवून पुन्हा मोजा. मोजताना सरासरीवर विसंबू नका, पी९५ आणि पी९९ बघा, म्हणजे ९५ आणि ९९ टक्के रिक्वेस्ट किती वेळाच्या आत संपतात ते. लोकस्टने (खोट्या रिक्वेस्टचा मारा करणारं टूल) लोड द्या.

कुबरनेटिस शेवटी शिका. पॉड (कंटेनर चालतो ते एकक), डिप्लॉयमेंट (किती पॉड चालवायचे ते ठरवणारी व्याख्या), रीसोर्स लिमिट आणि रेडिनेस प्रोब (पॉड रिक्वेस्ट घ्यायला तयार आहे का ते तपासणारी चाचणी) एवढं सुरुवातीला पुरतं. मॉडेल लोड होण्याआधीच प्रोबने 'तयार' म्हटलं तर पहिल्या रिक्वेस्ट हमखास फेल होतात.

इंटरव्ह्यू: बहुतेक ठिकाणी एक कोडिंगची फेरी आणि एक सिस्टिम डिझाइनची. डिझाइनमध्ये डेटा सायंटिस्ट थेट अल्गोरिदमवर उडी मारतात, आणि तिथेच गुण जातात. आधी आकडे विचारा. सेकंदाला २०० रिक्वेस्ट, प्रत्येकीला ५० मिलिसेकंद सीपीयू, म्हणजे एका वेळी सरासरी १० रिक्वेस्ट चालू. कोअर ७० टक्केच भरायचे ठरवले तर साधारण १५ कोअर लागतील. हे फळ्यावर मांडता आलं की पुढची चर्चा सोपी होते.

रानवारा:
खूप आभार, दोघांचेही. एक शंका: खरं लेबल (प्रत्यक्षात काय घडलं ते उत्तर) दोन-तीन महिन्यांनी येत असेल, तर मॉडेल बिघडलंय हे मधल्या काळात कळणार कसं?

शंकरपाळी:
प्रत्येक प्रेडिक्शनसोबत मॉडेलला मिळालेली फीचर्स, मॉडेलचं व्हर्जन आणि वेळ साठवा. त्या नोंदी रोज ट्रेनिंग डेटाशी ताडून बघा. आधी प्रत्येक फीचरमधल्या रिकाम्या व्हॅल्यूंचं प्रमाण बघा. अचानक वाढलेलं दिसलं तर बहुतेक वेळा मागच्या कुठल्यातरी टेबलात बदल झालेला असतो. नंतर पीएसआय (पॉप्युलेशन स्टॅबिलिटी इंडेक्स, फीचरच्या व्हॅल्यूंची विभागणी ट्रेनिंगपासून किती बदलली याचा आकडा): ०.१ च्या आत ठीक, ०.२५ च्या वर मोठा बदल असा ढोबळ संकेत आहे. त्यावर आपोआप रीट्रेनिंग मात्र लावू नका. डेटाच तुटका असेल तर नवं मॉडेल तोच तुटकेपणा शिकेल.

याच नोंदींतली काही प्रेडिक्शन्स ट्रेनिंगच्या कोडमधून पुन्हा काढा. फीचर्स जुळली नाहीत तर दोन्हीकडचा कोड वेगळा वागतोय, किंवा ट्रेनिंगच्या जॉइनमध्ये त्या क्षणी उपलब्ध नसलेला, पुढच्या तारखेचा डेटा शिरलाय. दुसरं असेल तर ट्रेनिंगमधला स्कोअरही खोटाच होता, आणि जॉइन दुरुस्त करून मॉडेल पुन्हा ट्रेन करावं लागेल.