रेशन, रोहयो, लाडकी बहीण सगळं मिळतं. त्या घरातल्या गरोदर बाईला मातृवंदनेचे पैसेही द्यावेत का?

माणदेशी (प्रश्न)

ग्रामसभांमध्ये आणि बचतगटांच्या बैठकांत हा वाद हल्ली सारखा निघतो. घरात केशरी कार्डावर धान्य येतं, सासूच्या आणि सुनेच्या खात्यात लाडक्या बहिणीचे महिना १,५०० येतात, रोहयोचं जॉबकार्ड आहे, सासऱ्याला किसान सन्मानचे हप्ते मिळतात. त्याच घरातली सून गरोदर राहिली की तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० आणखी कशाला? असं विचारणारे सगळेच आकसाने विचारत नाहीत. एकाच घरात चार योजना घालण्यापेक्षा तोच पैसा उपकेंद्रातल्या तपासण्यांवर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं आहे.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, नियमाप्रमाणे हे सगळे लाभ एकत्र घेता येतात का? दोन, घेता यावेत का? उत्तर ग्रामसभेत आकड्यांसकट मांडता येईल असं द्या.

ओवी

घेता येतात. खरं तर दुसऱ्या योजनेत नाव असणं हाच इथे पात्रतेचा पुरावा आहे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांत काय काय चालतं ते बघा: अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड, रोहयोचं जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, स्वतःच्या नावावर किसान सन्मान घेणारी शेतकरी बाई, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र, नाहीतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याचा दाखला. गरोदर अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताईही बसतात. यातलं कुठलंही एक पुरतं. ज्या कार्डांकडे बोट दाखवून 'हिला कशाला' म्हणतात, तीच कार्डं अर्जाला जोडायची असतात. बाद होतात त्या केंद्र, राज्य किंवा सार्वजनिक उपक्रमात नियमित नोकरी असलेल्या आणि दुसऱ्या कायद्याखाली असाच मातृत्व लाभ घेणाऱ्या बायका.

लाडक्या बहिणीबद्दलची भीती वेगळी आहे. त्या योजनेच्या शासन निर्णयात अट आहे की दुसऱ्या शासकीय आर्थिक योजनेतून 'दरमहा' १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर बाई अपात्र. मातृवंदना दरमहा मिळत नाही, बाळंतपणापुरते दोन हप्ते मिळतात. तेव्हा या अटीपायी मातृवंदनेचा अर्ज टाळू नका.

आता 'घेता यावेत का'. हा पैसा कशाचा आहे हे आधी ठरवू. रेशन पोटासाठी. रोहयोचा पैसा ही केलेल्या कामाची मजुरी, तो लाभ म्हणून मोजणंच चूक. आणि मातृवंदनेच्या उद्देशात स्पष्ट लिहिलंय की ही बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई आहे, म्हणजे बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती घेता यावी. नोकरदार बाईला २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. तिला कोणी म्हणत नाही की तुला महागाई भत्ता मिळतो, घरभाडं मिळतं, मग रजेचा पगार कशाला. खुरपायला जाणाऱ्या बाईला मात्र तोच प्रश्न विचारतो आपण.

हिशोब असा मांडा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोहयोचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. ५,००० म्हणजे १६ दिवसांची मजुरी. २६ आठवडे, आठवड्याला सहा दिवस धरले तर १५६ दिवस होतात आणि त्यांची मजुरी ४८,६७२ रुपये. म्हणजे आपण तिला जेमतेम दहावा हिस्सा देतो. शिवाय २०१७ मध्ये योजना आली तेव्हा हाच दर २०१ होता, म्हणजे तेव्हाचे ५,००० पंचवीस दिवसांचे होते. रक्कम तीच राहिली आणि दिवस नऊने घटले.

आणखी एक गोष्ट ग्रामसभेत वाचून दाखवण्याजोगी आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३, कलम ४: प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये. पहिल्या बाळाला प्रत्यक्षात मिळतात ५,०००. उरलेले जननी सुरक्षा योजनेतून भरून निघतात असं सांगितलं जातं. पण महाराष्ट्रात जननी सुरक्षेत दवाखान्यातल्या बाळंतपणाला ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये आहेत, तेही फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना. ५,००० अधिक ७०० म्हणजे ५,७००. कायद्याने ठरवलेला किमान आकडाही पुरा होत नाही, आणि आपण जास्त दिल्याबद्दल भांडतोय.

ताळेबंद

मजुरीचा मुद्दा मान्य. पण माझी हरकत दुसरीकडे आहे. ८ लाखांची मर्यादा म्हणजे महिन्याला साधारण ६६ हजार. त्या घराला ५,००० नी काय फरक पडतो? हीच मर्यादा अडीच लाखांवर आणा आणि उरलेल्यांना १०-१२ हजार द्या. तमिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेत १८,००० मिळतात, १४,००० रोख आणि ४,००० चे दोन पोषण संच. राज्याने स्वतःची भर घातली की होतं.

दुसरं, पैशाची वेळ. दुसरा हप्ता मिळतो बाळाला साडेतीन महिन्यांची लस दिल्यावर. तोवर बाई पुन्हा कामावर गेलेली असते. मग विश्रांतीसाठी पैसे दिले म्हणायचे कसे?

आणि उपकेंद्राबद्दल बोलणाऱ्यांना सांगा की तपासण्या, औषधं, सिझेरियन, रक्त, जेवण (नैसर्गिक बाळंतपणाला ३ दिवस, सिझेरियनला ७), घरून दवाखान्यात आणि परत वाहन, हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात जून २०११ पासून मोफत आहे. तो वेगळा हक्क आहे. बाहेरून औषध आणायला लावलं तर तक्रार त्याची करायची, मातृवंदनेतून तो खर्च भागवायचा नाही.

ओवी

वेळेबद्दल आणि राज्याच्या भरीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. मर्यादेबद्दल नाही. चाळणी बारीक केली की श्रीमंत गळतात असं कागदावर दिसतं, पण आधी गळते ती दाखला न काढता आलेली. उत्पन्नाचा दाखला म्हणजे तलाठ्याकडे एक फेरी, सेतूत दुसरी आणि दोन दिवसांची मजुरी. ६६ हजार कमावणाऱ्या घरातल्या बऱ्याच बायका ५,००० साठी अर्जही करत नाहीत, आणि केला तरी माझी हरकत नाही. कायदा 'प्रत्येक' म्हणतो.

कोयता_फड

वर चर्चा झाली ती मिळावेत का याची. बीडसारख्या ऊसतोडीच्या भागात मंजूर असूनही मिळत नाहीत, ते कुठे अडतं ते सांगतो.

पहिला हप्ता ३,००० चा. त्यासाठी गरोदरपणाची नोंद आणि किमान एक तपासणी शेवटच्या पाळीपासून ६ महिन्यांच्या आत झालेली लागते. टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात, गाळप मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. शेवटची पाळी जुलैच्या मध्यात असेल तर मुदत जानेवारीच्या मध्यात संपते. नोंद न करता बाई नोव्हेंबरात कारखान्यावर गेली, तिथे एक दिवस दवाखान्यात जायचं तर मुकादम खाडा (गैरहजेरीचा दंड) लावतो, म्हणून ती जात नाही. मुदत संपते आणि हप्ता गेला.

म्हणून पाळी चुकली की उचलीची (मुकादमाकडून मिळणाऱ्या आगाऊ रकमेची) वाट न बघता आशाताईकडे लघवीची तपासणी करून उपकेंद्रात १२ आठवड्यांच्या आत नाव घाला. माता-बाल संरक्षण कार्ड खोपीवर सोबत न्या, प्लास्टिकच्या पिशवीत. कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी झाली तर तीही त्याच कार्डावर तारखेसकट लिहून घ्या. शेवटच्या पाळीची तारीख अंदाजाने सांगू नका, सगळी मुदत तिच्यावरून मोजतात. सण, आठवडी बाजार, पीक यांवरून तारीख काढता येते.

दुसरा हप्ता २,०००. जन्माची नोंद आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी, बीसीजीसकट. बाळंतपण परजिल्ह्यात झालं तर जन्माची नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यातच होते, गावी नाही. २१ दिवसांत केली तर सोपं जातं. गावी परतल्यावर 'दाखला तिकडून आणा' ऐकावं लागतं ते यामुळेच.

आता खातं, सगळ्यात जास्त अर्ज इथे लटकतात. पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारवर येतात. ज्या बँकेत आधार शेवटचं सीड झालं (थेट लाभासाठी जोडलं गेलं) त्या खात्यात पडतात. पासबुकाच्या झेरॉक्सवर एक बँक असते आणि पैसे दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात जातात. 'आधार लिंक आहे' एवढं बँकेच्या खिडकीवर ऐकून परत येऊ नका. केवायसीला आधार दिलेलं असणं वेगळं आणि थेट लाभासाठी सीड असणं वेगळं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, तिथे बँकेचं नाव आणि 'सक्रिय' आहे का ते बघा. खातं बाईच्या नावाचं हवं, नवऱ्याचं चालत नाही. वर्षानुवर्षं न वापरलेलं जनधन खातं निष्क्रिय झालेलं असतं, बँकेत पुन्हा केवायसी करून ते चालू करून घ्या.

नाव आधारवर माहेरचं असेल तर अर्जातही माहेरचंच लिहा. लग्नानंतरचं नाव लिहिलं की पडताळणीत अर्ज मागे येतो. आधार बदलून मग अर्ज करू म्हणत थांबलात तर महिने जातात. नवऱ्याचं आधार २०२२ पासून सक्तीचं नाही, त्यामुळे एकट्या किंवा सोडून दिलेल्या बाईलाही अर्ज करता येतो. कोणी अडवलं तर हे ठामपणे सांगा.

टेम्सकाठ

हाच वाद इंग्लंडमध्येही चालतो, म्हणून थोडक्यात. तिथे शुअर स्टार्ट मातृत्व अनुदान आहे, ५०० पौंड, एकरकमी. ते फक्त युनिव्हर्सल क्रेडिटसारखा ठरावीक सरकारी भत्ता आधीपासून मिळणाऱ्यांनाच देतात, म्हणजे भत्ता हीच पात्रता. २०११ पासून सर्वसाधारणपणे पहिल्याच बाळाला, आणि रक्कम २००२ पासून तीच. अर्जाची मुदत बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी ११ आठवड्यांपासून जन्मानंतर ६ महिन्यांपर्यंत. स्कॉटलंडने २०१८ मध्ये स्वतःची योजना आणली, ती पुढच्या बाळांनाही मिळते, त्यांची रक्कम मात्र पहिल्या बाळापेक्षा कमी. तिकडे गेलेल्या मराठी जोडप्यांसाठी एक सावधगिरी: व्हिसावर 'सार्वजनिक निधीचा हक्क नाही' अशी अट असेल तर या अनुदानाचा अर्ज करू नका, व्हिसाला अडचण येऊ शकते.

माणदेशी

फार उपयोगी. तीन शंका उरल्या. दुसऱ्या बाळाचं काय? अठरा पूर्ण नसलेल्या मुलीचं काय? आणि बांधकाम मजूर नवरा असेल तर?

ओवी

दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० एकदम. जुळी झाली आणि त्यात एक जरी मुलगी असली तरी मिळतात. पण नोंद गरोदरपणातच झालेली लागते. 'मुलगी झाली तर बघू' म्हणून थांबणाऱ्यांचे पैसे जातात. जन्मापासून २७० दिवसांत अर्ज करा. दुसरा मुलगा असेल तर काही नाही, आणि ही मला योजनेतली सर्वांत चुकीची अट वाटते. मुलगा झाला म्हणून त्या बाईची मजुरी बुडत नाही असं कुठे आहे? मुलींच्या जन्माचं स्वागत हा हेतू चांगला आहे, पण त्यासाठी वेगळी योजना हवी. गर्भपात झाला किंवा मृत बाळ जन्मलं तर पुढच्या गरोदरपणात ती नव्याने पात्र धरली जाते, हे आशाताईंना आवर्जून आठवण करून द्या. अशा घरात कोणी स्वतःहून विचारायला येत नाही.

वय: मातृवंदनेला बाईचं वय किमान १८ वर्षं ७ महिने लागतं. त्यामुळे लवकर लग्न लावून दिलेली पोर, जिच्या जिवाला धोका सगळ्यात जास्त, तीच सुटते. जननी सुरक्षेत मात्र वयाची आणि अपत्यांच्या संख्येची अट २०१३ मध्ये काढली आहे. ती रक्कम आणि दवाखान्यातल्या मोफत सेवा तिला मिळवून द्या, वयाच्या भीतीने घरी बाळंतपण होऊ देऊ नका.

बांधकाम मजुराचं उत्तर कोयता_फड यांना जास्त नीट देता येईल.

कोयता_फड

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नवऱ्याची नोंदणी जिवंत असेल तर त्याच्या बायकोला नैसर्गिक बाळंतपणाला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० मिळतात, पहिल्या दोन बाळंतपणांपर्यंत. नोंदणीला मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ती वेळोवेळी नूतनीकरण करावी लागते. बाळंतपणाच्या दिवशी नोंदणी संपलेली असली की अर्ज नामंजूर होतो. तेव्हा सातव्या महिन्यातच त्याचं कार्ड काढून शेवटची तारीख बघा.