टर्बो पेट्रोल गाडी घाटात नॉक मारते, पेट्रोल बदलू की ऑइल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गाडी १ लिटर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनवाली (म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं). कुंभार्ली घाट चढताना गिअर न उतरवता दीड हजार आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की टकटक येते, आणि कधीतरी मधेच एकच मोठा ठोका बसतो. गिअर उतरवला की दोन्ही गायब. गॅरेजवाले म्हणतात १०० ऑक्टेन भरा (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल आपोआप न पेटता किती दाब सहन करतं त्याचा आकडा), मित्र म्हणतो ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे होतंय, मला दोन्ही पूर्ण पटत नाहीये.

मला कळलंय ते असं. साध्या नॉकिंगमध्ये स्पार्क वेळेवर पडतो, पण ज्वाळा पोचायच्या आत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं. त्यावर जास्त ऑक्टेन चालतं, नाहीतर नॉक सेन्सरचा सिग्नल आला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टायमिंग मागे घेतो, म्हणजे स्पार्क उशिरा पाडतो. आता इथेनॉलचा आरओएन (ऑक्टेनचा आकडा) १०८ च्या आसपास, वर त्याची वाफ होताना तो पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतो, म्हणजे मिश्रण थंड. मायलेज पडतं ते मान्य, पण नॉकिंग कमीच व्हायला हवं ना?

मला खरी भीती त्या ठोक्याची आहे. लो स्पीड प्री-इग्निशनमध्ये मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटतं, तिथे टायमिंग मागे घेऊन काय होणार, पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात म्हणे. आणि तिथे नुसतं ऑक्टेन बघून भागत नाही, पेट्रोलमधले जड, उशिरा उडणारे अ‍ॅरोमॅटिक घटक सिलिंडरच्या भिंतीवर चिकटून ऑइलमध्ये मिसळतात, तेच थेंब उडून आधी पेटतात असं वाचलंय. म्हणजे सारख्याच ऑक्टेनची दोन पेट्रोलं वेगळी वागू शकतात, पण पंपावर हे कळणार कसं? ऑइल सध्या एपीआय एसएन (ऑइलच्या दर्जाचा जुना वर्ग) आहे, ते बदलून फरक पडेल का?

प्रतिसाद: दादा, ई२० वरचा तुमचा मुद्दा बरोबर आहे. सलग टकटक म्हणजे बहुतेक नॉकिंग, त्यासाठी ९५ ऑक्टेनची एक टाकी भरून बघा, फरक पडला तर कळेलच. सुटा ठोका मात्र मलाही प्री-इग्निशनचा वाटतो. आधी ऑइल एपीआय एसपी करा, २०२० च्या या ग्रेडला प्री-इग्निशनची वेगळी टेस्ट पास करावी लागते. जुन्या ऑइलमधलं कॅल्शियमवालं डिटर्जंट हे त्याचं मोठं कारण, म्हणून नव्यात ते कमी करून बऱ्याचदा मॅग्नेशियमवालं घालतात. ऑइलच्या जाडीचा ग्रेड मात्र मॅन्युअलमध्ये आहे तोच ठेवा. पंपावर जड घटक कळायचा मार्ग नाही, खपाचा पंप धरा एवढंच. आणि चढाला कमी आरपीएमवर गाडी ओढू नका, गिअर उतरवाच, पेट्रोल थोडं जास्त गेलं तरी चालेल. ठोका बसल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का? लागत असेल तर स्कॅनरने कोड काढून इथे टाका, स्पार्क प्लगचे फोटोही टाका.