धुण्याचं पाणी शेवटी जातं कुठं?

शहापूरचा भातवाला:
आमचं दीड एकर शेत बेळगावच्या बळ्ळारी नाल्याच्या काठाला. पावसाळ्यात नाला फुगला की पाणी भातात शिरतं आणि ओसरताना बांधावर पांढरा फेस सोडून जातं. तो फेस तुमच्या-आमच्या न्हाणीतनंच आलेला. म्हणून सरळच बोलतो, रोज धुणं लावायची गरज नाही. एकदा घातलेली पॅन्ट झटकून वलणीवर टाका, दुसऱ्या दिवशी चालते. पावडर निम्मी करा. मशीन भरल्याशिवाय बटण दाबू नका. पटत नसेल तर बोला.

खानापूरची सून:
तुमच्या घरी धुणं कोण धुतं, ते आधी सांगा की. आमच्याकडं शेणात-चिखलात राबून आलेले कपडे असतात. झटकून वलणीवर टाकले तर वलणीच घराबाहेर काढावी लागेल.

शहापूरचा भातवाला:
बायको धुते, कबूल. पण मी ऑफिसच्या शर्टाबद्दल बोलालोय, शेतातल्या कपड्यांबद्दल नव्हे.

रिठाप्रेमी, टिळकवाडी:
निम्मी कशाला, पावडर बंदच करा. रिठे भिजवा, उकळा, गाळा. आजी तिची रेशमी काठाची इरकल त्यातच धुवायची. प्रदूषणाचा प्रश्नच नाही.

मार्कंडेय काठ:
रिठा चांगला, पण हे शेवटचं वाक्य खोटं. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळं, आणि सॅपोनिन माशांना बाधतं. असल्या फळा-सालींनी मासे गुंगवून पकडायची रीत जुनीच आहे. थेट नदीत धुणार असाल तर रिठा काय नि साबण काय! शिवाय उकळायला गॅस जळतो तो वेगळाच.

वडगावचा माग:
सगळे पावडरीवरच बसलाय, कापडाबद्दल कुणी बोलेना. पॉलिस्टर धुतलं की दर खेपेला त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. डोळ्याला दिसत नाहीत, कुजतही नाहीत. सुताचा तंतू निदान मातीत कुजतो. गार पाणी, कमी वेळ आणि भरलेलं मशीन असेल तर तंतू कमी सुटतात. आता आमच्या मागावर कसला धागा चढतो ते विचारू नका, पोट आहे. घरात मात्र सुतीच.

खानापूरची सून:
सुती? जुलैत कणकुंबीकडं या. सुती लुगडं तीन-तीन दिवस वाळत नाही, कुबट वास मारतो, मग परत धुवा. पाणी दुप्पट, साबण दुप्पट. पॉलिस्टर रात्री चुलीवरच्या दांडीवर टाकलं की सकाळी अंगावर. पोरांचे युनिफॉर्म पण त्याच कापडाचे, ते काय आम्ही ठरवलेत?

वडगावचा माग:
ह्याला माझ्याकडं उत्तर नाही, आक्का.

निपाणीवाला:
एवढा खल कशाला? फ्रंट लोड मशीन घ्या. टॉप लोडपेक्षा पाणी बरंच कमी लागतं.

खानापूरची सून:
पैसे पाठवा.

मार्कंडेय काठ:
आणि फ्रंट लोडवर साठ डिग्रीचं बटण दाबणाऱ्यांचं काय? गरम धुण्यात बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. रोजच्या कपड्यांना गार पाणी पुरतं. आम्ही शेवटच्या खळबळीचं पाणी बादलीत धरतो, त्यातच दुसऱ्या दिवशीचं धुणं भिजतं. केळीला मात्र घालत नाही, पावडरीतल्या सोड्यानं माती बिघडते.

शहापूरचा भातवाला:
तुमच्या केळीला नको, माझ्या भाताला चालतंय होय? त्यासाठीच तर हा विषय काढला. बाकी राहू दे, निम्म्या पावडरीचं कोण करून बघतंय तेवढं सांगा.

खानापूरची सून:
बघते. डाग राहिले तर शर्ट शहापूरला पाठवते, तुम्ही धुवायचे. बायको नव्हे.