कायरोप्रॅक्टर: कंबरेपुरता ठीक, पण ‘वेलनेस’ची वर्गणी कशाला?

एडिसनकर

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातांनी मणके दाबून, झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे, जाणं आता अगदी सवयीचं झालंय. कोणाची कंबर धरली की ग्रुपवर तासाभरात दोन-तीन नंबर येतात. त्याला माझी हरकत नाही. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने कंबरदुखीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांत शेक, मसाज, ॲक्युपंक्चर यांच्याबरोबर मणक्यांची हाताळणीही आहे. पुरावा फार भक्कम नाही, असंही त्यांनीच लिहिलंय. तरी ठीक. उसण भरलेल्या माणसाला तेवढंही पुरतं.

माझं भांडण त्यापुढच्या गोष्टीशी आहे. दुखणं थांबलं की ‘आता मेंटेनन्स’ सुरू होतं. आमच्या शेजारच्या कुटुंबाला एका क्लिनिकमध्ये एक्स-रेवर लाल रेघा ओढून दाखवल्या, ‘मानेची कमान गेलीये’ म्हणून सांगितलं आणि आठवड्यातून तीनदा यायचं पॅकेज हातात ठेवलं. वर्षाचे पैसे आगाऊ भरले तर सूट, मुलांना अर्धा दर. मुलांना काहीही झालेलं नाही! पण भिंतीवरच्या तक्त्यात प्रत्येक मणक्यापुढे एकेक रोग लिहिलेला. दमा, पोटदुखी, झोप, अभ्यासातलं लक्ष, सगळं पाठीतून.

याचं मूळ १८९५ सालात आहे. आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाचा गृहस्थ चुंबकीय उपचार करायचा. इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वी लिलार्डला नीट ऐकू येत नसे. पामरने त्याच्या पाठीतला मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा पामरचा दावा. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीकडे फिरकतही नाही, पण ते असो. त्यावरून सिद्धांत निघाला की मणके जागेवरून जरासे हलतात, नसांमधला प्रवाह अडतो आणि बहुतेक रोग त्यातून होतात. यालाच सब्लक्सेशन म्हणतात. आजचं ‘वेलनेस’ त्याच फांदीवर बसलंय. वयस्कांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, मणक्यांच्या हाताळणीचे पैसे मिळतात, पण दुखणं नसताना नुसतं मेंटेनन्स म्हणून केली तर नाही. सरकारला कळतं ते आपल्याला का कळू नये?

पाठीराखा

एडिसनकर, एका लबाड क्लिनिकवरून सगळ्या व्यवसायाला झोडपताय. दातांच्या डॉक्टरांत पॅकेजवाले नाहीत का? इथे कायरोप्रॅक्टरला कॉलेजनंतर साधारण चार वर्षांचं शिक्षण, राष्ट्रीय बोर्डाच्या परीक्षा आणि राज्याचा परवाना लागतो. बोर्ड लावून बसलेला हाडवैद्य नव्हे तो.

आणि विरोधाचा इतिहासही सांगा की. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमली. कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणं डॉक्टरांसाठी अनैतिक ठरवलं होतं. १९७६ साली विल्क आणि इतर कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले, १९८७ मध्ये हा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग असल्याचा निकाल लागला आणि अपिलातही टिकला.

मेंटेनन्सवर अभ्यास नाही असं वाटत असेल तर तोही आहे. स्वीडनमधला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. ज्यांची कंबर वरचेवर धरते अशा लोकांतले काही ठरावीक अंतराने जात राहिले, बाकीचे दुखलं की जात. ठरावीक जाणाऱ्यांचे वर्षभरात त्रासाचे सुमारे १३ दिवस कमी झाले. माझ्यासारख्या बारा तास खुर्चीत बसणाऱ्याला १३ दिवस काय असतात ते विचारा.

एडिसनकर

विल्क खटल्याचा निकाल बहिष्काराबद्दल होता. कायरोप्रॅक्टिक शास्त्रीय आहे की नाही, हे ऐकीव अनुभवांवरून ठरवायला न्यायाधीश गेट्झेंडॅनर यांनी निकालातच नकार दिला होता. ते वाक्य क्लिनिकच्या माहितीपत्रकात कधी छापलेलं दिसत नाही.

स्वीडनचा अभ्यास आणलात हे फार बरं केलंत. त्यात कोण होते? कंबर वारंवार दुखणारे, आणि पहिल्या उपचाराने ज्यांना गुण आला होता तेच. शिवाय ते १३ दिवस वाचवायला वर्षभरात जास्तीच्या खेपा किती पडल्या? सरासरी दोनसुद्धा नाही. आता हे आठवड्याच्या तीन खेपांशेजारी ठेवून बघा.

नाशिकची_फिजिओ

दोघांनाही एक विचारते. मानेचं काय? सगळे कंबरेवर बोलताय.

मान झटकन फिरवली की क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या थराला चीर पडते आणि पक्षाघात येऊ शकतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये या संबंधाची दखल घेतली. झटक्यानेच चीर पडते की आधीच पडलेल्या चिरेमुळे मान दुखते म्हणून माणूस तिथे जातो, यावर वाद आहे. पण हा धोका पेशंटला आधी सांगायला हवा, असं त्यात स्पष्ट आहे. तुमच्यापैकी किती जणांना सांगितला?

इकडे तर आनंदच. भारतात कायरोप्रॅक्टिकला स्वतःची परिषद नाही, नोंदणी नाही. मुलं इन्स्टाग्रामवर कडकड आवाजाचे व्हिडिओ बघतात आणि ‘मॅडम, तसं मोडा ना’ म्हणत येतात. न्हाव्याकडे मान मोडून घेणारे वेगळेच. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा असतो. हाड जागेवर बसल्याचा नाही. आवाज आला म्हणजे काम झालं, असं काही नसतं.

पाय लुळा पडतोय, जांघेत बधिरपणा आहे, लघवीवर ताबा राहत नाही, असं काही असेल तर माझ्याकडे नको, कायरोप्रॅक्टरकडे नको, थेट हॉस्पिटल गाठा.

पाठीराखा

मला फॉर्मवर सही करताना सांगितला होता. बारीक अक्षरात होता, पण होता.

एक मात्र म्हणेन. फॅमिली डॉक्टर मला दहा मिनिटं देतो, त्यातली सात कॉम्प्युटरकडे बघत. माझा कायरोप्रॅक्टर चालताना बघतो, बूट काढायला लावतो, खुर्चीची उंची विचारतो. याच देशात पाठदुखीवर अफूजन्य गोळ्या वाटून लोकांना व्यसनी केलं, ते परवानाधारक डॉक्टरांनीच. माझ्या पैशाने मी महिन्यातून एकदा पाठ मोकळी करून घेतली तर कोणाचं काय गेलं? जिमची वर्गणी भरतोच ना?

मेलबर्नची_माई

तुमची पाठ, तुमचे पैसे, मान्य. बाळाची मान कोणाची?

२०१९ साली इथल्या एका कायरोप्रॅक्टरचा दोन आठवड्यांच्या बाळावर उपचार करतानाचा व्हिडिओ गाजला. बाळाला पायाला धरून उलटं लटकवलं होतं. मग बारा वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यांच्या हाताळणीवर तात्पुरती बंदी आली आणि व्हिक्टोरिया राज्याने पुरावे तपासले. इजा झाल्याचे दाखले फार कमी सापडले, पण फायद्याचा पुरावाही जवळपास नाहीच. बाळ रडतं म्हणून आपल्या आज्या पोटाला हिंग लावायच्या, निदान मान तरी पिरगाळत नव्हत्या.

पाठीराखा

लहान मुलांच्या बाबतीत मी वाद घालणार नाही. माझ्या मुलांना मीही नेत नाही.

एडिसनकर

झालं की मग! जिमवाला तुमच्या मुलाच्या दम्याचा ठेका घेत नाही. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टर कायद्याने नोंदणीकृत आहेत, आणि त्यांच्याच नियामक परिषदेने २०१० साली सांगितलं की सब्लक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे, रोगांचं कारण म्हणून तिला पुरावा नाही. दुखण्यापुरते थोडे दिवस काम करणारे, व्यायाम शिकवून ‘आता येऊ नका’ म्हणणारे कायरोप्रॅक्टर आहेत, आणि मी त्यांच्याकडे जाईन. पण ‘येऊ नका’ म्हणण्यात धंदा नाही, हीच अडचण.

पाठीराखा

फिजिओ काय सगळे ‘येऊ नका’ म्हणतात?

नाशिकची_फिजिओ

नाही म्हणत. दहा दिवसांचं मशीन लावून ठेवणारे आमच्यातही भरपूर आहेत. पेशंटलाही झोपून शेक घेणं आवडतं, घरी व्यायाम कोणालाच नको असतो. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे ऐकलं की लोक आयुष्यभर घाबरून वाकत नाहीत, ते भूत तर आपल्याच लोकांनी घातलंय.

नवा_सभासद

मी गेल्याच आठवड्यात वर्षाचे पैसे भरलेत. परत मिळतात का?

पाठीराखा

करारात रद्द करण्याचं कलम बघा आणि फोन करू नका, लेखी कळवा. झालेल्या खेपांचे पैसे सवलतीचा दर सोडून पूर्ण दराने कापतील, तयारी ठेवा. दाद देत नसतील तर राज्याच्या कायरोप्रॅक्टिक बोर्डाकडे तक्रार करता येते. आणि दुखत असेल तर उरलेल्या खेपा वापरा हो, एडिसनकरांचं ऐकून वाया घालवू नका.