५ मीटर स्पीकर केबल: जाड घ्यावी की महागडी?

प्रश्न: ४ ओहमचे स्पीकर, ०.७५ चौरस मिमीची वायर. महागड्या केबलने बेस (खालचा, घुमणारा आवाज) खरंच आवळतो, म्हणजे नेटका होतो का?

प्रतिसाद १: तुमच्या वायरचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.२५ ओहम, ४ ओहमला जास्तच. २.५ चौरस मिमी तांब्याची घ्या, ०.०८ च्या आत येईल. फरक पडतो तो जाडीने. घेताना टोक खरवडा. पांढरं दिसलं तर आत अॅल्युमिनियम आहे, नको.

प्रतिसाद २: तुलना करायचीच तर स्पीकरच्या टर्मिनलवर १०० हर्ट्झचा टोन मोजून दोन्ही केबलचं व्होल्टेज १ टक्क्यात जुळवा. किंचित मोठा आवाज कानाला ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. केबल दुसऱ्याने बदलावी, तुम्हाला न सांगता.

प्रतिसाद ३: आधी लाल-काळं (प्लस-मायनस) तपासा. एकाच स्पीकरची जोडणी उलटी लागली तरी बेस गायब.