लाल धूळ बसलेली गाडी स्प्रे डिटेलरनं पुसली तर ओरखडे पडतात का?

तिसऱ्या गेटजवळची

नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीत राहते आणि जांबोटीकडच्या एका खेड्यात हायस्कूलला शिकवते. पिरनवाडी, किणये करत रोज जाऊन-येऊन. शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता, नुसती लाल माती. गाडी गडद निळी, घेऊन चौदा महिने झाले. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून निम्मी रक्कम घातली, म्हणून तिच्यात माझा जीव जरा जास्तच अडकलाय.

दिवाळीनंतर एका सकाळी तिरपं ऊन बॉनेटवर आलं आणि पहिल्यांदा दिसलं. सूर्याचं प्रतिबिंब पडतं त्याच्याभोवती गोल गोल बारीक रेघा, कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या. सावलीत गाडी नेली की काहीच नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एकजण पहाटे दहा-बारा गाड्या पुसतो, एक बादली आणि एकच पिवळं फडकं. कारण तेच असणार, म्हणून त्याला नको म्हटलं आणि स्वतः पुसायचं ठरवलं.

दुकानात गेले तर स्प्रे डिटेलर दिला, म्हणजे गाडीवर फवारून पुसायचं चकाकीचं लिक्विड. "पाणी नको, शाम्पू नको, रोज सकाळी मारा आणि पुसा," असं सांगितलं. चार दिवस तसं केलं. वास छान, चकाकी छान. पाचव्या दिवशी ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर सरळ रेघा दिसल्या, चार बोटं रुंद पट्टा, माझा हात जसा फिरला अगदी तसा. म्हणजे या मीच पाडल्या. रात्री झोप लागली नाही.

धुवायचं म्हटलं तर आमच्याकडे बोअरचं पाणी. वाळलं की पांढरे ठिपके राहतात. नळाचं पाणी रोज येत नाही, आणि आलेलं गाडीवर ओतायला मन होत नाही.

हा स्प्रेच वाईट आहे, की माझं काही चुकतंय? कुणी नीट सांगितलं तर फार बरं होईल.

निपाणी बायपास

ताई, स्प्रेच्या नादी लागू नका. माझी गाडी सात वर्षं ओल्या सुती फडक्यानं पुसतोय, जुनं धोतर फाडून केलेलं. एक रेघ नाही. पाण्याला पर्याय नाही.

वडगावचा पेंटर

बाई, राम राम. उद्यमबागेत बावीस वर्षं गाड्यांचं पेंटिंग केलं. आता वडगावात घराच्या मागं दोन गाड्या मावतील एवढ्या शेडमध्ये काम करतो. तुमचं वाचून लगेच लिहायला बसलो, कारण असल्या रेघा घेऊन महिन्यात चार-पाच लोक येतात आणि सगळ्यांची गोष्ट हीच असते.

आधी जिवाला घोर लावून घेऊ नका. रेघा रंगात नाहीत. रंगावर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, त्यात आहेत. पण तो थर किती, तर साधारण ४० ते ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे केसापेक्षा पातळ थरावर आपण रोज हात चालवतो, हे ध्यानात ठेवा.

आता तुमची माती. जांबोटी-खानापूरकडची माती लाल दिसते ती त्यातल्या लोखंडाच्या गंजामुळं. पण ओरखडा काढते ती त्या मातीतली बारीक गार, म्हणजे क्वार्ट्झची कचकच. कडकपणाच्या मोहस मापात गार ७ वर आहे, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. तुम्ही शाळेत शिकवता, तुम्हाला जास्त सांगायला नको. क्लिअर कोट तिच्यापुढं मेणासारखा. कापसाचं फडकं मऊ असेल हो, पण फडक्याखाली अडकलेला खडा मऊ नसतो.

निपाणीच्या दादांना विचारतो, तुमची गाडी पांढरी किंवा चंदेरी आहे का? असेल तर रात्री मोबाइलची बॅटरी बॉनेटजवळ तिरपी धरून बघा. रेघा असतात, पांढऱ्यावर त्या दिसत नाहीत एवढंच. बाईंची गाडी गडद निळी, तिच्यावर काही लपत नाही.

स्प्रे वाईट नाही. त्यात बहुतेक पाणीच असतं, थोडा मळ सोडवणारा पदार्थ, आणि घसरण देणारं पॉलिमर. काहींत मेण किंवा सिलिकॉन. धुळीचा कण ओला होतो, त्याच्याभोवती बुळबुळीत थर येतो आणि तो घासत न जाता फडक्याच्या धाग्यात उचलला जातो. हे कधी जमतं, तर धूळ थोडी आणि सुटी असते तेव्हा. घरातून बँकेत, बँकेतून घरी, रात्री कव्हर, अशा गाडीवर सकाळी जी पिठासारखी धूळ दिसते ना, तिच्यासाठी तो आहे. तुमच्या दारावर संध्याकाळी जो थर येतो तो वेगळा. त्यावर बोटानं नाव लिहिता येईल असं वाटलं की स्प्रेची बाटली खाली ठेवायची. (आणि खरंच बोटानं लिहू नका, पोरांनाही लिहू देऊ नका. 'मला धुवा' लिहिलेलं मी पॉलिश करून काढलंय, तरी ऊन पडलं की अक्षरं वाचता येत होती.)

दुकानदारानं "पाणी नको" म्हटलं, तिथं गफलत झाली. तुमच्या रेघा दाराच्या खालच्या अर्ध्यात असतील, बघा. चाकानं उडवलेली माती तिथंच बसते.

तर असं करा. शाळेतून आलात की आधी पाणी. पाइप नसला तर झारी किंवा मग्गा, वरून खाली नुसतं सोडायचं, हात लावायचा नाही. खडा वाहून जातो, मागं राहते ती पातळ धूळ. मग बादलीत 'नो रिन्स' प्रकारचं लिक्विड. ज्या बाटलीवर १:२५६ प्रमाण लिहिलेलं असतं, त्याचं १० लिटर पाण्याला ४० मिली पुरतं. पुन्हा पाणी ओतायला लागत नाही. एक भाग पुसला की लगेच दुसऱ्या फडक्यानं कोरडा करायचा, म्हणजे बोअरच्या पाण्याला ठिपका सोडायला वेळच मिळत नाही. आठवड्यातून हे दोनदा बास. मधल्या दिवशी गाडी कच्च्या रस्त्यावर गेली नसेल, रविवार-सुट्टी असेल, तेव्हा स्प्रे.

स्प्रे मारायची रीत लिहितो, ही मात्र तशीच पाळा. मायक्रोफायबर कापड घ्या, ३५० ते ४०० जीएसएमचं (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन तेवढे ग्रॅम), लेबलवर पॉलिएस्टर ८० टक्के आणि पॉलिअमाइड २० असेल तर चांगलं, ७०-३० असेल तर अजून चांगलं. कडेची शिलाई जाड आणि टोचरी असेल तर ते काचेला ठेवा. कापड दोनदा घडी घाला, चौथाई होतं. त्याच्या उघडून-पालटून आठ बाजू मिळतात. गाडी सावलीत, बॉनेट उपड्या हाताला गार लागलं पाहिजे, नाहीतर स्प्रे वाळून डाग धरतो. दोन हात लांब-रुंद एवढाच भाग घ्या. त्याच्यावर चार-पाच फवारे, कापडावर एक. वीसेक सेकंद थांबा. ही गडबड नडते, थांबत कुणी नाही. मग कापड ठेवायचं आणि ओढायचं, दाबायचं नाही. कापडाच्या वजनावर जाऊ दे. सरळ एका दिशेनं, पुढून मागं. गोल फिरवायचं नाही. हात काढला की कापड उलटून बघा. तांबूस दिसलं की ती बाजू संपली, घडी बदला. आठही बाजू झाल्या की दुसरं कापड. शेवटी वेगळ्या कोरड्या कापडानं हलका हात.

कापड एकदा जमिनीवर पडलं की त्या दिवशी ते गाडीला लावायचं नाही. माझ्या हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचो.

वरून खाली या. छप्पर, काचेलगतचा भाग, बॉनेट, दाराचा वरचा अर्धा. फूटबोर्ड, बंपरचा खालचा भाग, चाकामागचा पत्रा, इथं स्प्रे नाहीच. पुढच्या काचेवरही नको, रात्री समोरून लाइट आली की तेलकट पसरते.

आणि एक विनंती, आहेत त्या रेघा काढायला घाईनं 'रबिंग' करून घेऊ नका. मशिननं पॉलिश म्हणजे क्लिअर कोट मायक्रॉन-दोन मायक्रॉन उतरवणंच की. एकदा-दोनदा चालतं, दर दिवाळीला नाही. आधी पुसायची रीत बदला. सहा महिन्यांनी नवीन रेघ आली नाही अशी खात्री झाली की मग एकदाच चांगल्या हातून करून घ्या.

मच्छे फाउंड्री

पेंटर मामा, छान लिहिलंत. माझं थोडं वेगळं आहे. आमच्या कारखान्याच्या आवारात गाडी दिवसभर उभी असते. पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी टिपके आलेत, हाताला खरखरीत लागतात. स्प्रेनं जात नाहीत. जोर लावू का?

वडगावचा पेंटर

नका लावू. ते लोखंडाचे कण आहेत, ग्राइंडिंगचे उडालेले. क्लिअर कोटमध्ये रुतून तिथंच गंजतात. आयर्न रिमूव्हर मिळतो, मारला की टिपक्याजवळ जांभळा रंग वाहायला लागतो, घाबरू नका, तो त्याचा गुणच आहे. वाळायच्या आत धुऊन टाका. तरी खरखर राहिली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी. तिथं तुमचा स्प्रे खरा कामाला येतो, क्लेखाली घसरण म्हणून भरपूर मारायचा. कोरडा क्ले कधीच फिरवायचा नाही.

अथणी ऊसवाला

आमच्याकडं लाल माती नाही, काळी आहे. ती चिकटली की वाळून ढेकूळ होते, ओली करून तासभर ठेवल्याशिवाय सुटत नाही. पण मला सांगायचंय ते गाळप हंगामाचं. कारखान्याच्या धुराड्यातनं बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काळी राख उडते, सकाळी गाडीवर पापुद्रे पडलेले असतात. दिसायला हलकी, पिसासारखी, म्हणून लोक हातानं झटकतात. त्या राखेत सिलिका भरपूर असते. ओल्या फडक्यानं पुसली की काळा लेप पसरतो, आणि खाली कचकच ती राहतेच. मी ट्रॅक्टरच्या टायरला हवा भरायचा कॉम्प्रेसर आहे त्यानं आधी फुंकून घेतो, मग पाणी. हात शेवटी. डिसेंबर ते मार्च माझ्या गाडीचा हा नेमच आहे.

तिसऱ्या गेटजवळची

सगळ्यांचे मनापासून आभार. पेंटर मामा, तुमचं उत्तर मी प्रिंट काढून गाडीच्या कप्प्यात ठेवलंय.

दोन रविवार झाले. रेघा खरंच दाराच्या खालच्या अर्ध्यातच आहेत, तुम्ही न बघता सांगितलंत. शुक्रवारी शाळेतून आल्यावर बाबांनी झारीनं पाणी सोडलं, ते तुळशीला घालतात तीच झारी. दारावरून जे पाणी खाली आलं ते चहासारखं लाल होतं. फरशीवर थांबलं तिथं तळाला वाळू दिसली. बोटाच्या चिमटीत घेऊन चोळली तर करकर वाजली. हे मी चार दिवस फडक्याखाली घासत होते.

रविवारी स्प्रे. वीस सेकंद मोजले. कापड ओढलं, उलटलं, फिकट तांबूस पट्टा. घडी बदलली. पूर्ण बॉनेटला तीन बाजू लागल्या, आधी मी एकाच बाजूनं अख्खी गाडी पुसत होते. आज सकाळी उन्हात बघितलं, जुन्या रेघा आहेत, नवीन सापडली नाही.

दोन शंका राहिल्या. शाळेत गाडी आंब्याखाली लावते. आता मोहोर आलाय आणि काचेवर, छपरावर साखरेच्या पाकासारखे चिकट थेंब पडतात. ते स्प्रेनं काढू का? आणि कापडं धुवायची कशी? आईनं पहिल्यांदा घरच्या कपड्यांबरोबर मशिनला टाकली, सुवासिक कंडिशनर घालून.

वडगावचा पेंटर

बाई, तो मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा आहे. तसाच राहिला तर त्याच्यावर काळी बुरशी धरते. नुसत्या स्प्रेनं घासू नका. कापड कोमट पाण्यात भिजवून पिळा, त्या जागेवर पाच मिनिटं अंथरून ठेवा, पाघळला की उचलून घ्या. मग तिथं स्प्रे मारून एक हात. पक्ष्याच्या शिटेलाही हीच रीत, पण ती त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर टाकायची नाही. जमलं तर मोहोर असेपर्यंत गाडी आंब्याखालून हलवा.

कापडांचं मात्र आईंना आजच सांगा. कंडिशनर घातला की मायक्रोफायबरच्या धाग्यांवर थर बसतो, मग ते ना पाणी पीत ना धूळ धरत, नुसतं पसरवतं. साध्या पातळ साबणात, कोमट पाण्यात, ४० अंशाच्या वर नको. सुती कपड्यांबरोबर अजिबात नको, कापसाचे तंतू त्याला चिकटतात ते निघत नाहीत. सावलीत वाळवा. वाळल्यावर झटकून गालाला लावून बघा, काही टोचलं तर ते कापड चाकाला. कंडिशनर लागलेली कापडं दोन-तीनदा नुसत्या साबणानं धुवा, बहुतेक सुधारतात.

अजून एक राहिलं. पुढंमागं कधी डेंट काढून पत्रा रंगवायची वेळ आली, तर पेंटरला आधी सांगा की गाडीवर डिटेलर मारलेला आहे. त्यात सिलिकॉन असेल आणि नीट साफ झालं नाही तर नवा रंग तिथं पकडत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. एका लग्नाच्या गाडीचं अख्खं दार मी यापायी रात्रभर बसून दोनदा रंगवलंय.

निपाणी बायपास

मामा, बॅटरी लावून बघितली. गाडी पांढरीच आहे. बॉनेटभर रेघा आहेत. ३५० जीएसएमचं कापड बेळगावात कुठल्या भागात मिळतं?

वडगावचा पेंटर

खडे बाजारात गाडीच्या सामानाच्या दुकानांत विचारा दादा. लेबल वाचून घ्या, आणि चार घ्या, एक घेऊन काही होत नाही.